द्विपक्षीय की बहुपक्षीय? देशादेशांतल्या सहकार्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्विपक्षीय आणि बहुपक्षीय, नेमका फरक काय?

दोन देशांनी आपापसात ठरवलं की द्विपक्षीय, तीन किंवा जास्त देशांनी मिळून ठरवलं की बहुपक्षीय, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण नुसती डोकी मोजून भागत नाही, खरा फरक नियम कोणासाठी आहे यात असतो. द्विपक्षीय डीलमध्ये मी तुला हे देतो तू मला ते दे असा हिशोब असतो आणि तिसऱ्याला काय मिळतंय याच्याशी दोघांनाही देणंघेणं नसतं. बहुपक्षीय करारात आधी सगळ्यांसाठी एक नियम ठरतो आणि मग तो सगळ्यांना सारखा लागू होतो, निदान कागदावर तरी. १९४७ मध्ये २३ देशांनी आयात शुल्क आणि व्यापाराचा गॅट करार केला त्याचं पहिलंच कलम बघा, एका मेंबरला आयात शुल्कात जी सवलत द्याल ती बाकी सगळ्या मेंबरांनाही द्यायची, लाडका-दोडका करायचं नाही. (मुक्त व्यापार करारांसाठी यात पळवाट आहे आणि ती भरपूर वापरली जाते, ते वेगळं.)

पण एवढ्या सगळ्यांना एकत्र बसवायचंच कशाला? दोघा-दोघांनी करार केले तर काय बिघडतं?

मोजून बघा. संयुक्त राष्ट्रांत १९३ देश आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकाच विषयावर वेगळा करार करायचा म्हटलं तर १८,५२८ करार होतील आणि एक नियम बदलायचा झाला तरी तेवढ्या वेळा टेबलावर बसायचं.

हे नुसतं गणित वाटत असेल तर तारेची गोष्ट ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपात प्रत्येक देशाची टेलिग्राफ सिस्टिम वेगळी होती आणि तार सीमेपलीकडे जायचीच नाही. स्ट्रासबर्गला फ्रान्स आणि शेजारचं बाडेन राज्य यांचं एक कॉमन ऑफिस होतं, तिथे पॅरिसहून आलेला संदेश फ्रेंच कर्मचारी हाताने कागदावर उतरवायचा, टेबलापलीकडे बसलेल्या बाडेनच्या माणसाला द्यायचा, तो त्याचं जर्मन भाषांतर करायचा आणि मग ती तार पुढे निघायची. विजेच्या वेगाने आलेला संदेश एका टेबलापाशी येऊन थांबायचा, कारण करार त्या टेबलापर्यंतच होता. शेवटी १८६५ मध्ये २० देश पॅरिसला जमले आणि एकच नियमावली केली, तिथूनच आजची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना सुरू झाली.

टपालाचंही तेच. पत्र कोणत्या देशांतून जाणार त्यावर दर बदलायचा आणि कमाई कोणी किती घ्यायची याचा प्रत्येक जोडीचा वेगळा हिशोब. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला २२ देशांनी ठरवलं की टपालापुरता आपण सगळे मिळून एकच प्रदेश. आणि पैशाचं त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, ज्या देशात पत्र टाकलं त्यानेच तिकिटाचे पैसे ठेवायचे, कारण पत्राला उत्तर येतंच, म्हणजे हिशोब आपोआप जुळतो. जवळपास शंभर वर्षं हे असंच चाललं!

द्विपक्षीय करार लवकर होतात हे खरं का?

बहुतेक वेळा हो. दोघांनाच पटवायचंय, गुप्तता ठेवता येते, आणि विषय अगदी खोलात जाऊन ठरवता येतो. १९८७ चा अमेरिका आणि सोव्हिएत युनियनचा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार घ्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सोडायची क्षेपणास्त्रं पूर्ण बंद, आणि जून १९९१ पर्यंत दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. तपासणी तर इतकी जवळून की अमेरिकेचे निरीक्षक सोव्हिएत युनियनमधल्या व्होटकिन्स्कच्या कारखान्याच्या गेटवर आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटामधल्या मॅग्ना इथल्या कारखान्याच्या गेटवर, वर्षानुवर्षं. आपल्या शस्त्रांच्या कारखान्याच्या दारात समोरच्याचा माणूस बसवायचा, ही गोष्ट दीडशे देशांच्या सभेत ठरली असती असं मला अजिबात वाटत नाही.

पण दरवेळी लवकर होतात असंही नाही. सिंधू पाणी करार भारत आणि पाकिस्तान या दोघांचाच, तरी जागतिक बँकेला मध्ये बसून वर्षानुवर्षं घासाघीस करावी लागली तेव्हा कुठे १९६० मध्ये सह्या झाल्या.

छोट्या किंवा गरीब देशाला कुठलं बरं पडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. द्विपक्षीय टेबलावर एका बाजूला मोठा आणि एका बाजूला छोटा बसला की बळी तो कान पिळी. मोठ्याला ते डील नाही झालं तरी चालतं, छोट्याला ते हवंच असतं, आणि हे दोघांनाही माहीत असतं.

आग्नेय आशियातला छोटासा तिमोर-लेस्ते २० मे २००२ ला स्वतंत्र झाला. समोर समुद्र, समुद्राखाली तेल आणि गॅस, आणि पलीकडे ऑस्ट्रेलिया. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, मार्च २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं की समुद्री सीमेच्या भांडणांसाठी आम्ही आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र मानणार नाही. म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद, आता बोला समोरासमोर. नव्या देशाच्या हातात पैसा नाही, वेळही नाही. २००६ च्या करारात ग्रेटर सनराइज या मोठ्या गॅसक्षेत्रातून मिळणारं उत्पन्न निम्मं-निम्मं ठरलं पण सीमेचा विषय ५० वर्षं काढायचा नाही अशी अट आली.

मग कामाला आला तो समुद्री कायद्याचा १९८२ चा बहुपक्षीय करार. त्यात सक्तीच्या समेटाची एक तरतूद होती जी तोपर्यंत कोणी वापरलीच नव्हती, एकाने मागणी केली की दुसऱ्याला यावंच लागतं. २०१६ मध्ये तिमोर-लेस्तेने ती वापरली, ऑस्ट्रेलियाने आक्षेप घेतला, समेटासाठी नेमलेल्या आयोगाने तो फेटाळला, आणि मार्च २०१८ मध्ये नवा करार झाला ज्यात समुद्रतळाची सीमा बरीचशी दोन किनाऱ्यांमधल्या मध्यरेषेवर आली आणि ग्रेटर सनराइजच्या उत्पन्नात तिमोर-लेस्तेचा वाटा ७० ते ८० टक्के झाला, पाइपलाइन कुठे जाते त्यावर कमीजास्त. बघा, शेवटचा करार द्विपक्षीयच आहे. फक्त या वेळी छोट्याच्या पायाखाली सगळ्यांनी मिळून बांधलेली जमीन होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. अँटिग्वा आणि बार्बुडा हा कॅरिबियनमधला बेटांचा देश, लोकसंख्या एक लाखाच्या आत, त्यांनी २००३ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या सेवांवरून अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केस केली आणि जिंकली. २००७ मध्ये वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची परवानगीही मिळाली. पण एवढासा देश अमेरिकेवर निर्बंध टाकून करणार काय? अमेरिकेने आपले नियम त्यांना हवे तसे बदलले नाहीत. तर न्याय मिळतो, वसुली होईलच असं नाही. तरीसुद्धा ती केस उभी राहू शकली ही गोष्ट मी छोटी मानत नाही, समोरासमोरच्या बोलणीत तर अँटिग्वाचा फोनही कोणी घेतला नसता.

सगळ्यांची सहमती लागली की काहीच होत नाही ना?

अनेकदा होत नाही, खरंय. जागतिक व्यापार संघटनेतल्या वाटाघाटींची दोहा फेरी २००१ मध्ये सुरू झाली, १ जानेवारी २००५ पर्यंत संपवायची होती, आणि ती कायमचं भिजत घोंगडं होऊन बसली. जागतिक व्यापार संघटनेतल्या अपील मंडळावर सात जण असतात आणि एका केसला किमान तीन लागतात, अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९ पासून तेवढेही उरले नाहीत. सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्यांचा व्हेटो आहे, त्यातला एक नाही म्हणाला की विषय संपला.

पण यातून वाट काढलेली उदाहरणंही आहेत. भूसुरुंगांवर बंदी घालायची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या नेहमीच्या चौकटीत सहमतीच्या नियमामुळे अडकली होती, तेव्हा कॅनडाने पुढाकार घेऊन जे तयार आहेत त्यांनाच बोलावलं आणि डिसेंबर १९९७ मध्ये ओटावाला करारावर सह्या झाल्या. अमेरिका, रशिया, चीन, भारत त्यात नाहीत, आणि २०२५ मध्ये रशियाच्या शेजारच्या काही देशांनी बाहेर पडायचा निर्णयही घेतला, म्हणजे हेही कायमचं पक्कं असतं असं नाही.

बहुपक्षीय मार्गाने खरंच काही साध्य झालंय का?

झालंय, आणि सगळ्यात चांगलं उदाहरण ओझोनचं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराला पडलेलं भगदाड दाखवून दिलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल प्रोटोकॉल झाला, म्हणजे ओझोनला मारक रसायनं हळूहळू बंद करायचा करार. फ्रीज, एसी, स्प्रे यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे हे होत होतं. आता हा प्रश्न दोघांनी मिटवून मिटणाराच नाही कारण वायू कुठेही सोडला तरी थर सगळ्यांचाच विरळ होतो.

तो का चालला हे बघण्यासारखं आहे, चांगल्या इच्छेवर सोडलं असतं तर चालला नसता. एक, जो देश करारात नाही त्याच्याशी या रसायनांचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहणं तोट्याचं. दोन, विकसनशील देशांना दहा वर्षं जास्त मुदत. तीन, आणि हे माझ्या मते सगळ्यात मोठं, १९९० मध्ये लंडनला या देशांचा नवीन तंत्रज्ञानाचा खर्च उचलण्यासाठी एक फंड ठरला. त्यानंतरच चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये सामील झाले. चार, शास्त्रज्ञांचं म्हणणं बदललं की यादी कडक करायची सोय करारातच होती. १६ सप्टेंबर २००९ ला शेवटचा उरलेला देश आत आला आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात सगळ्या देशांनी मान्य केलेल्या पहिल्या करारांत याचं नाव लागलं. तो शेवटचा देश कोण होता माहितीये? तिमोर-लेस्ते.

देवीचा रोगही तसाच. १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत प्रस्ताव मांडला सोव्हिएत युनियनने, १९६७ पासून जोरात सुरू झालेल्या मोहिमेचं नेतृत्व केलं एका अमेरिकन डॉक्टरने, आणि हे शीतयुद्ध चालू असताना. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण सापडला, १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली.

म्हणजे दोनपैकी एकच रस्ता निवडायचा असतो का?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तुम्ही परदेशी जाणाऱ्या विमानात बसता तेव्हा दोन्ही रस्ते एकदम वापरत असता. १९४४ च्या शेवटी शिकागोला देश जमले, सुरक्षेचे, नोंदणीचे, हवाई दिशादर्शनाचे नियम एकत्र ठरवायला तयार झाले, पण कोणाच्या कंपनीने कुठे किती प्रवासी न्यायचे यावर काही जमेना. त्यामुळे तो भाग दोघा-दोघांवर सोडला, १९४६ मध्ये बर्म्युडाला अमेरिका आणि ब्रिटनने पहिला मोठा करार केला आणि पुढच्यांनी त्याचा नमुना घेतला. आजही असंच आहे. विमान कसं उडवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय, ते कुठे उतरून तिकिटं विकू शकतं हे बऱ्याचदा दोन देश ठरवतात. माझ्या मते ही विभागणी अगदी बरोबर आहे, कारण दोन विमानं आकाशात समोरासमोर आली तर तिथे प्रत्येक जोडीचा वेगळा नियम असून चालणार नाही, आणि फेऱ्या किती हा मात्र खरोखरच दोघांच्या सोयीचा मामला आहे.

आधी झालेले द्विपक्षीय करार नंतर एकत्र जोडता येतात का?

येतात. जगात दुहेरी कर टाळण्याचे तीन हजारांहून जास्त द्विपक्षीय करार आहेत आणि कंपन्या त्यातल्या फटी शोधून कर वाचवतात. प्रत्येक करार परत उघडून दुरुस्त करायचा तर एक पिढी गेली असती. म्हणून २०१७ मध्ये पॅरिसला एक बहुपक्षीय करार झाला जो सही करणाऱ्यांचे जुने द्विपक्षीय करार एका फटक्यात बदलतो, दोघांनीही तो करार यादीत दिला असेल तर. अमेरिकेने मात्र सही केली नाही.

पैशाच्या संकटाचं उदाहरण थोडं वेगळं आहे. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर आसियान हा आग्नेय आशियाई देशांचा गट, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी २००० मध्ये थायलंडच्या चियांग माईला ठरवलं की अडचणीत एकमेकांना परकीय चलन द्यायचं, सुरुवातीला दोघा-दोघांच्या करारांनी, मग २०१० मध्ये ते सगळं एकत्र करून १२० अब्ज डॉलरची व्यवस्था झाली आणि २०१४ मध्ये ती दुप्पट केली. आणि तरीही तिथून कोणी पैसे काढलेले नाहीत. २००८ मध्ये दक्षिण कोरियाला गरज पडली तेव्हा त्याने अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेशी थेट ३० अब्ज डॉलरची सोय केली. घाईच्या वेळी देश कुठे धावतो यावरून खरा भरवसा कळतो.

मदतीचा पैसा कुठल्या मार्गाने द्यावा?

द्विपक्षीय मदतीत देणाऱ्याचं नाव दिसतं, काम लवकर होतं, पण कधीकधी माल आमच्याच कंपनीचा घ्या अशी अट येते आणि तोच माल महाग पडतो. शिवाय एका छोट्या आरोग्य मंत्रालयाकडे दहा देणारे आले की दहा रिपोर्ट, दहा पद्धतीचे फॉर्म, दहा पाहणी दौरे, आणि तिथली हुशार माणसं दिवसभर तेच करत बसतात. बहुपक्षीय संस्थेकडून आली तर एक खिडकी असते पण निर्णयाला वेळ लागतो. हल्ली तिसराच प्रकार वाढलाय, पैसा संस्थेला द्यायचा पण याच देशात याच कामासाठी वापरा असं बांधून द्यायचं. नाव बहुपक्षीय, लगाम देणाऱ्याच्या हातात.

कोविडच्या वेळी काय झालं?

दोन्ही रस्ते एकमेकांना आडवे आले. कोव्हॅक्सची कल्पना अशी होती की सगळ्यांनी मिळून लस घ्यायची आणि गरजेप्रमाणे वाटायची, २०२१ संपेपर्यंत २०० कोटी डोस. पण श्रीमंत देशांनी कंपन्यांशी थेट करार करून आधीच रांगेत नंबर लावले, आणि ज्या भारतीय उत्पादनावर कोव्हॅक्सची मोठी मदार होती तिथे दुसरी लाट आली आणि २०२१ च्या वसंतात निर्यात थांबली. १०० कोटीवा डोस पोचला जानेवारी २०२२ मध्ये. आपल्या लोकांसाठी आधी लस घेणाऱ्या सरकारला मी दोष देऊ शकत नाही, पण कित्येक पट डोस राखून ठेवले गेले आणि दुसरीकडे नर्सना पहिला डोसही मिळेना, हे मला अजूनही पचत नाही.

नदीच्या पाण्यासाठी कुठला करार योग्य?

नदी किती देशांतून जाते ते आधी बघायचं. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने नाईलचं पाणी वाटून घेतलं, ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर. जिथून नाईलचं बहुतेक पाणी येतं तो इथिओपिया त्या टेबलावर नव्हताच. म्हणून २०११ मध्ये त्याने धरण बांधायला घेतलं तेव्हा त्याचं म्हणणं सरळ होतं, आम्ही सही केलेली नाही. ऱ्हाइनचं उलट, १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ केमिकलच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर विष नदीत गेलं, ईल मासे ढिगाने मेले, आणि काठावरच्या देशांचा आयोग आधीपासून होता म्हणून पुढच्याच वर्षी सगळ्यांचा एक कृती कार्यक्रम तयार झाला.

मधला मार्ग, म्हणजे चार-पाच देशांचे गट, हे काय असतं?

त्याला मिनिलॅटरल म्हणतात. ज्यांच्याशिवाय काम होणार नाही तेवढ्यांनाच घ्यायचं. क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया), जी-७ (सात श्रीमंत देशांचा गट) ही त्यातलीच. वेगासाठी चांगलं, पण बाहेरच्यांवर परिणाम होणारे निर्णय आत बसलेल्यांनी घेतले की तक्रार येणारच. हवामानाचं बघा, नोव्हेंबर २०१४ मध्ये बीजिंगला अमेरिका आणि चीन या सगळ्यात मोठ्या दोन प्रदूषकांनी आधी आपापसात जुळवून घेतलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या हवामान कराराचं गाडं हललं. पण पॅरिस करारात तापमानवाढीची १.५ अंशाची मर्यादा आली ती छोट्या बेटांच्या देशांनी लावून धरल्यामुळे, दोघांच्या खोलीत ती कोणी मागितली नसती.

एखादा देश बाहेर पडला तर करार संपतो का?

द्विपक्षीय असेल तर संपतोच. क्षेपणास्त्रांच्या ज्या कराराचं वर सांगितलं तो अमेरिकेने रशियावर उल्लंघनाचा आरोप करून ऑगस्ट २०१९ मध्ये सोडला आणि त्या दिवशी तो गेला, चीनवर तर त्याचं बंधन कधी नव्हतंच. सिंधू करार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून तगला पण पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं, आणि दोघांतल्या एकाने हात काढला की उरलेला एकटा काय करणार. बहुपक्षीय असेल तर तो दुबळा होतो, पैसा कमी पडतो, पण टेबल राहतं. पॅरिस करारातून अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली, जानेवारी २०२५ मध्ये परत निघायचा आदेश निघाला, आणि या सगळ्या काळात बाकीच्या देशांच्या बैठका दरवर्षी होत राहिल्या, फक्त कोविडमुळे २०२० ची तेवढी एक वर्ष पुढे गेली.